खरं वाक्य, तीनदा

आमच्या घरातल्या मास्तरांचा एक नियम आहे. नवा इंग्रजी शब्द शिकला की त्याचं वाक्य करायचं आणि ते वाक्य खरं पाहिजे. पुस्तकातलं नको, शेजाऱ्याचं नको, स्वतःच्या आयुष्यातलं हवं. आणि ते मोठ्याने तीनदा म्हणायचं. खोटं वाक्य डोक्यात टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

हे मास्तर म्हणजे माझा नवरा. पुढच्या खोलीत त्यांचा इंग्रजी संभाषणाचा क्लास चालतो. संध्याकाळी तिथून खड्या आवाजात वाक्यं येतात. माझ्या भावाने माझी सायकल विकली. माझी सासू चहात साखर मोजून घालते. माझा साहेब घोरतो. सगळ्या गल्लीच्या कानावर एकेकाच्या घरची गुपितं पडतात. नशीब, गल्लीला इंग्रजी येत नाही.

मी नर्स आहे. परदेशातल्या एका हॉस्पिटलने माझी निवड केली होती. आता फक्त इंग्रजी बोलण्याची परीक्षा उरली होती. ती पास झाल्याचा कागद महिनाअखेरपर्यंत तिथे पोहोचला की नोकरी पक्की, आणि मी, मास्तर, सासूबाई अशा तिघांनाही जायची परवानगी. नाही पोहोचला तर जागा दुसरीला. जायचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं, जेवताना, हसत हसत. परीक्षेची तारीख घ्यायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

आणि घोडं अडलं होतं एका क्रियापदापाशी. गेट.

एवढंसं क्रियापद, पण त्याचा पसारा बघितला की भोवळ येते. उठायचं म्हणजे गेट अप, बसमध्ये चढायचं म्हणजे गेट ऑन, उतरायचं म्हणजे गेट ऑफ. भिजलात तरी गेट, सर्दी झाली तरी गेट, सर्दीतून बरे झालात तरी गेटच. मिळणं, आणणं, पोहोचणं, कळणं, कुणाकडून काम करून घेणं, सगळं त्याच्याच गळ्यात. मी पहिल्या दिवशी म्हटलं, "यांच्याकडे दुसरी क्रियापदं नाहीत का हो?"

"आपलं 'लागणं' बघ," मास्तर म्हणाले. "भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, नळाला रांग लागते, पोराला नाद लागतो. कुणी विचारलं, हे सगळं एकच कसं, तर काय सांगशील?"

"सांगेन, माझी वाट लागली."

ते हसले. शिकवताना ते छान हसतात. मी त्यांच्या प्रेमात पडले तेव्हा ते फळ्यापुढे उभे होते.

पण दिवस जात होते आणि गेट काही संपत नव्हतं. रोज नवा प्रकार निघायचा. मी साडी बदलता बदलता, डबा भरता भरता खरी वाक्यं करत होते. चार नंबरच्या खाटेवरचे आजोबा रागावले, गेट. खाटेवरून उतरले, गेट. चपला चढवल्या, गेट. दारापर्यंत पोहोचले, गेट. मी त्यांना परत झोपायला लावलं, तेही गेट. वार्डात बीपी घेतानासुद्धा माझे ओठ हलायचे. एका पेशंटने मला विचारलं, सिस्टर, तुम्ही माझ्यासाठी मंत्र म्हणताय का?

सासूबाईंना तर धीरच नव्हता. त्यांनी तिकडच्या थंडीसाठी एक जाड लोकरी स्वेटर घेतलं होतं आणि भर दुपारच्या उकाड्यात ते घालून बसायच्या. घामाने कपाळ डबडबायचं.

"आई, काढा ते," मी म्हणायची.

"काढू कशी? अंगाला सवय नको व्हायला? उद्या तिकडे जाऊन एकदम घातलं तर टोचेल." आणि मग लेकाकडे वळून, "अरे, तुझं ते फाटक अजून उघडलं नाही का?"

सवय होण्यालाही गेटच आहे, हे मला माहीत होतं. क्लासातल्या एका मुलीच्या पुस्तकात मी पाहिलं होतं. गेट यूज्ड टू. मी मास्तरांना त्याबद्दल विचारलं तेव्हा ते फळा पुसायला लागले. "ते शेवटी घेऊ. ते अवघड आहे." दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "त्याचं चांगलं उदाहरण सुचत नाहीये." ज्या माणसाला ठेच लागली तरी तीन उदाहरणं सुचतात, त्याला उदाहरण सुचत नव्हतं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी ड्युटीच्या गडबडीत होते.

तारखेचं विचारलं की म्हणायचे, "सगळ्या भरल्यात. आणि तुझी तयारी तरी कुठे झालीय? घाई कशाला?" माझ्या पायाला भिंगरी लागलेली आणि हा माणूस खुर्चीत शांत. रात्री मी कूस बदलत राहायची. त्यांचं निवांत घोरणं ऐकून मला राग यायचा, मग त्या रागाचा राग यायचा. शिकवतायत बिचारे जीव तोडून, असंही वाटायचं.

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या वार्डातली ती सिस्टर आली, जिला आम्ही सगळ्या तुफान म्हणतो. डबा उघडायच्या आधीच तिने जाहीर केलं की तिची परीक्षा झाली.

"तुला तारीख कशी मिळाली?" मी विचारलं.

"कशी म्हणजे? फोन केला. तिसऱ्या दिवशीची दिली. अगं, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या."

"आयत्या वेळी कुणीतरी रद्द केली असेल."

"महिनाभर अशीच परिस्थिती आहे, फोनवरच्या बाईच म्हणाल्या. का गं? तू अजून घेतली नाहीस?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. डोक्यात एकदम सगळं जागच्या जागी बसलं: घाई कशाला, तयारी कुठे झालीय, ते शेवटी घेऊ. दुपारभर मी सलाईनच्या बाटल्या बदलल्या, पण माझं लक्ष नव्हतं आणि नर्सचं लक्ष नसणं बरं नाही, म्हणून प्रत्येक बाटली दोनदा तपासत होते. घरी येताना बसमध्ये बसायला जागा होती, तरी मी उभीच राहिले.

घरी पोहोचले तेव्हा क्लास सुटला होता. मास्तर फळा पुसत होते. सासूबाई स्वेटर घालून बाकावर वाटाणे सोलत होत्या.

"आलीस? चल, आज गेटचा नवा प्रकार घेऊ," मास्तर म्हणाले.

"आज वाक्य मी देते," मी म्हटलं. पर्स खांद्यावरच होती. "यू डिड नॉट गेट द डेट."

ते वळले.

"यू डिड नॉट गेट द डेट," मी पुन्हा म्हटलं. आणि मग तिसऱ्यांदा, गल्लीत ऐकू जाईल इतक्या जोरात.

सवयीने त्यांचं तोंड चूक दुरुस्त करायला उघडलं आणि मिटलं.

"वाक्य बरोबर आहे का?" मी विचारलं.

"बरोबर आहे."

"खरं आहे का?"

त्यांनी फळ्यावरून पुन्हा डस्टर फिरवलं. फळा आधीच स्वच्छ होता.

"खरं आहे," ते म्हणाले. "मी फोनच केला नाही. मला वाटलं, महिना निघून जाईल. आपोआप."

त्या 'आपोआप'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, मी इथे तोंडाला फेस येईपर्यंत घोकतेय आणि तुम्ही महिना संपायची वाट बघताय? नाही जायचं, तर तोंड नव्हतं का तुम्हाला? जगाला खरं वाक्य शिकवता! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! बरंच बोलले. सासूबाई वाटाण्याची शेंग हातात धरून नुसत्या बघत होत्या.

मास्तर खाली बसले. बाकावर, जिथे विद्यार्थी बसतात तिथे.

"इथे मला मास्तर म्हणतात," ते म्हणाले. "कोपऱ्यावर कुणालाही विचार, घर दाखवतील. तिकडे पाच वर्षांचं पोर माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी बोलेल. मी तिथे काय शिकवू? कुणाला शिकवू? तू ड्युटीवर जाशील, आणि मी?" मग म्हणाले, "आणि अजून एक सांगतो. ज्याला इंग्रजीशिवाय दुसरं काही येत नाही, अशा माणसाशी मी आयुष्यात कधी बोललेलो नाही. एकदाही नाही."

राग तर होताच, तो काही कुठे गेला नव्हता. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी हललं आणि ते मला आत्ता नको होतं.

सासूबाई म्हणाल्या, "अरे, मग मी हे स्वेटर कशासाठी घालून बसलेय?"

मी आत जाऊन फोन केला. परवा सकाळची तारीख मिळाली. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी घरात मीठ दे, दार लाव, एवढंच बोलणं झालं. गेटचे राहिलेले प्रकार राहिलेच.

परीक्षेच्या सकाळी मी चपला घालत होते, तर मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "सोडायला येतो," म्हणाले. मी नको म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो, मध्ये माझी पर्स ठेवून.

सेंटर म्हणजे एका जुन्या इमारतीतला अरुंद बोळ. एका बाजूला खुर्च्या आणि दुसऱ्या बाजूला बंद दारं. मला आत बोलावलं. परीक्षा घेणाऱ्या बाई तिकडच्याच होत्या, पांढऱ्या केसांच्या, आणि त्यांना इंग्रजीशिवाय काही येत नसावं, कारण मी घाबरून आधी नमस्कार म्हटलं तर त्यांना काही कळलं नाही. वार्डाबद्दल विचारलं, पेशंटबद्दल विचारलं. चार नंबरच्या आजोबांची गोष्ट मी सांगितली तर त्या मनापासून हसल्या. मला वाटलं, जमतंय.

मग त्यांनी विचारलं, नव्या देशाची सवय व्हायला तुम्हाला अवघड जाईल का? नेमका तोच प्रकार, जो मास्तरांनी शेवटासाठी ठेवला होता. मला तो कुणी शिकवला नव्हता, तरी प्रश्न लगेच कळला. जी गोष्ट माणूस आपल्यापासून चुकवत राहतो ती आपण विसरत नाही.

खोटं सांगता आलं असतं. अजिबात नाही, आम्ही सगळे फार खुशीत आहोत, असं. पण इतके दिवस खरं बोलून जिभेला वळण लागलं होतं. मी म्हटलं, मला सवय होईल. माझ्या सासूबाईंना तर आत्ताच झाली आहे. माझ्या नवऱ्याचं माहीत नाही. आणि त्यांच्याशिवाय मी जाईन का, तेही मला माहीत नाही. बाईंनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

बाहेर आले तर मास्तर बोळात उभेच. येरझारा घालत असणार. आम्ही एकमेकांकडे बघतोय तेवढ्यात माझ्या मागचं दार उघडलं आणि त्या बाई रिकामी पाण्याची बाटली घेऊन निघाल्या. मास्तर त्यांच्या वाटेत होते.

"सॉरी, कॅन आय गेट पास्ट?" बाई हसून म्हणाल्या.

मास्तर हललेच नाहीत. ओठ उघडे, शब्द नाही, शाळेत उभं केलेल्या पोरासारखे. तोंडचं पाणी पळालं होतं. मी त्यांच्या दंडाला धरून बाजूला घेतलं. बाई पुढे गेल्या.

"पाहिलंस?" ते हळूच म्हणाले. "चार शब्द. यावर मी अख्खा तास घेतो."

माझा राग तिथेच संपला. इतका वेळ मला वाटत होतं, ते मला अडवतायत. हा माणूस घाबरला होता, खरोखर, वार्डातले आजोबा ऑपरेशनआधी घाबरतात तसा. मला त्यांची इतकी माया आली की त्याच बोळात रडू फुटेल असं वाटलं.

आम्ही खुर्च्यांवर बसलो. "काय विचारलं?" त्यांनी विचारलं.

"सवयीचं. तुम्ही शेवटी ठेवलेलं."

"मग काय सांगितलंस?"

"खरं. मला होईल म्हटलं. तुमचं माहीत नाही म्हटलं."

ते समोरच्या भिंतीकडे बघत बसले. गुडघा एकसारखा हलत होता. आमच्या घरात पाय हलवणारी मी असते.

बाई परत आल्या, बाटली भरून. त्या जवळ येताच मास्तर ताडकन उठले, भिंतीला चिकटून वाट दिली आणि क्लासात बोलतात त्या खणखणीत आवाजात, कुणी काही विचारलेलं नसताना, म्हणाले, "आय विल गेट यूज्ड टू इट!"

बोळातल्या सगळ्या माना वळल्या. बाई दचकून थांबल्या. त्यांनी आधी मास्तरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हाच तो नवरा, हे त्यांच्या ध्यानात आलेलं दिसलं.

"आय अॅम शुअर यू विल," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन दार लावलं.

मास्तर दाराकडे बघत राहिले. कपाळावर घाम होता, सासूबाईंच्या कपाळावर असतो तसा.

"उत्तर दिलं गं तिने," ते म्हणाले. "मी बोललो, आणि तिने उत्तर दिलं."

मी पर्स उचलली आणि त्यांचा हात धरला. "अजून दोनदा राहिलंय," मी म्हटलं. "चला, बस येईपर्यंत म्हणा."