वीतभर वरचं सोडून

बावीस वर्षं फौजेच्या इंजिनिअर पलटणीत सुरुंग हुडकण्यात घालवलेल्या माणसाला स्वतःच्या अंगणात नखाएवढा चांदीचा टाक सापडू नये, ह्यासारखी नामुष्की नाही. आकाराम सोमवारपासून यंत्र फिरवत होता आणि आता बुधवारची दुपार झाली होती. उद्या रेश्माची हळद.

टाक शालनचा. शालन ही आकारामची पहिली बायको. रेश्मा सहा महिन्यांची असताना ती काविळीनं गेली. वर्षभरानं अंजना घरात आली, तेव्हा सासूनं रीतीप्रमाणे शालनच्या नावाचा टाक करवला आणि काळ्या दोऱ्यात ओवून अंजनाच्या गळ्यात बांधला. गेलेल्या सवतीला गळ्यात वागवलं की तिचा मान राहतो, ती मागं लागत नाही, असं जुनी माणसं सांगायची. अंजनानं ती मागं लागायची वाटच बघितली नाही, सरळ मैत्री करून टाकली. रेश्माला ताप आला की टाक मुठीत धरून म्हणायची, "आक्का, तुजी बी लेक हाय, जरा बघ की." आकाराम तेव्हा सीमेवर. घरात ह्या दोघीच, एक जिवंत आणि एक चांदीची.

दोन हजार एकोणीसच्या महापुरात कृष्णा गोठ्यात शिरली. म्हशी सोडताना अंजनाच्या गळ्यातला दोरा शिंगाला अडकून तुटला आणि टाक पाण्यात गेला. आठ दिवसांनी पाणी ओसरलं तेव्हा घराभोवती हातभर गाळ होता. आकाराम म्हणाला, सांगलीच्या सोनाराकडून नवा करून आणू. अंजनानं हात जोडले.

"नवा टाक म्हंजी नवी सवत. मला न्हाई झेपायची. हाय ती बरी हुती."

आता साताऱ्यात नर्स असलेल्या रेश्माला रहिमतपूरचं स्थळ आलं, सुपारी फुटली, आणि अंजनानं एकदाच सांगून टाकलं, "हळदीच्या आदी पैली वटी शालनआक्काची." मग हिरवं लुगडं, खण आणि नारळ तिनं देव्हाऱ्याखाली पाटावर मांडून ठेवला होता आणि त्या पाटावर मधोमध जागा मोकळी सोडली होती. ती मोकळी जागा आकारामला जाता-येता दिसायची. जिनं त्याची लेक त्याच्या माघारी वाढवली तिनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, आणि तीच नेमकी हाती लागत नव्हती.

यंत्र भावकीतल्या शिवतेजचं. मातीखाली गाडले गेलेले नळपाण्याचे व्हॉल्व्ह शोधायची यंत्रं तो सांगलीत बनवतो. देताना म्हणाला होता, "वापरा तात्या, आन काय कमी हाय ते सांगा." निवृत्त हवालदाराला असं कुणी कधी म्हणू नये. तीन दिवसांत शिवतेजच्या मोबाईलवर तात्यांचे सतरा निरोप जाऊन पडले होते.

यंत्रात खोट नव्हती, खोट अंगणात होती. गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची बुचं, खिळे, पत्र्याचे तुकडे, फवारणीच्या औषधाची झाकणं. पावलापावलाला यंत्र केकाटायचं. आकारामनं अठरावा निरोप सोडला.

"शिवतेज, ह्याला एक बटन बसव गड्या. ते दाबलं की वरचं वीतभर ह्याला ऐकूच आलं न्हाई पायजे. चुगलखोर हाय तुजं मशीन. पत्रा आन चांदी एकाच आवाजात सांगतंय, ते बी येगळं कर. आन एकदा सोडलेल्या खिळ्यावर पुन्यांदा वरडायचं न्हाई, ही त्याला अक्कल घाल."

त्याचा हिशेब सरळ होता. टाक गाळाखाली, गाळ हातभर, म्हणजे टाक हातभर खाली. म्हणून वर खणखणीत वाजेल ते खुरप्यानं उचकटायचं आणि न बघता घमेल्यात फेकायचं, आणि खालून बारीक आवाज आला की कुदळ घ्यायची. अशा सात खड्ड्यांतून त्याला एक नांगराचा फाळ, दोन बिजागऱ्या आणि शेजाऱ्याची बुडालेली घागर मिळाली.

"आवं, उद्या वऱ्हाड त्या खड्ड्यात पडंल," पायरीवरून अंजना म्हणाली. ती घमेलं पुढ्यात घेऊन एकेक वस्तू निवडत बसली होती आणि मधूनच हसत होती.

"कचऱ्यात काय बघतीस गं?"

"ही बघा तुमच्या ट्रंकंची कडी. सुट्टी संपली तवा रेश्मीनं ट्रंक वढून धरली हुती आन कडीच हातात आली. आन ह्यो तिचा शाळंचा बिल्ला. ह्यो हरवला म्हणून मास्तरनं दिसभर उभी केली हुती पोरीला." बिल्ला पदराला पुसता पुसता तिचा हात थांबला. "पर आवं, ह्यो बिल्ला तर पुराच्या लय आदी हरवलाय. मग ह्यो वर कसा घावला?"

आकारामनं कुदळ खाली ठेवली.

पुराच्या दुसऱ्या वर्षी त्यानं शोषखड्डा खणला होता, गोठ्याच्या दारातच. निघालेली माती फुकट कशाला घालवायची म्हणून सगळ्या अंगणात पसरली होती, वर दोरी लावून चौरस केली होती आणि आल्यागेल्याला दाखवली होती की बघा, कसं परेडचं मैदान झालंय. खालची माती त्यानं स्वतःच्या हातानं वर आणली होती. भरतीनंतर पहिल्याच महिन्यात उस्तादनं शिकवलं होतं, आवाज छोटा हो या बडा, खोदो और आँख से देखो. बावीस वर्षं ते पाळलं म्हणून दोन्ही पाय शाबूत राहिले, आणि घरी येऊन तीन दिवस तो न बघता फेकत होता.

"अंजे," तो म्हणाला, "कालची घमेली कुटं वतलीस?"

"वतीन कशाला? परड्यात पोत्यावर हायत. लोखंड हाय, भंगारवाला इल."

दोघं घरामागं पोत्यापाशी बसली. बादलीत एकेक ढेकूळ विरघळवायचं, बघायचं, बाजूला ठेवायचं. सूर्य कलला तेव्हा मातीत गुरफटलेलं एक बूच आकारामच्या बोटांत आलं. बूच नव्हतं. काळं पडलेलं होतं, पण वर दोरा ओवायची बारीक कडी होती. त्यानं ते अंजनाच्या तळव्यावर ठेवलं. तिनं अंगठ्यानं चोळलं, पुन्हा चोळलं, मग मूठ मिटून तशीच कपाळाला लावली आणि मनसोक्त रडली. आकारामनं तिला रडू दिलं, कारण तोही तेच करत होता.

डोळे पुसून त्यानं शिवतेजला एकोणिसावा निरोप पाठवला. "ते बटन बसव, पर माज्या मशीनला नगं. आन उद्या जेवायला ये."

सकाळी चिंचेनं उजळलेला टाक पाटावरच्या मोकळ्या जागी बसला. अंजनानं हळदकुंकू वाहिलं, लुगडं ठेवलं, खणानारळानं ओटी भरली. रेश्मानं वाकून नमस्कार केला आणि उठताना विचारलं, "आई, माझी आई दिसायला कशी होती गं?"

"मी कुटं बघितलीया?" अंजना म्हणाली. "पर सव्वीस वर्सं तुज्याकडं बघून वळखती की तिला." मग तिनं टाक काळ्या दोऱ्यात ओवला, आकारामकडं पाठ केली आणि पदर बाजूला सारला. "घट्ट बांदा. लेकीची पाठवणी हाय, मला एकटीला न्हाई जमायची."

आकारामनं दोन गाठी मारल्या आणि वर तिसरीही मारली.