दुसरीनं मागितलेली माफी

कात्रीच्या टोकाशी तिचं अर्धं नाव लोंबत होतं — दुकानात आलेल्या लिफाफ्यावरचं. नाव एका टोपलीत, पत्ता दुसऱ्या टोपलीत. ती काम करायची त्या चष्म्याच्या दुकानातले सगळे हसायचे. हसू देत. आपलं नाव परक्याच्या हाती लागू नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून जपायची... आणि आज सकाळी, दोन वर्षांनी, ताईचा फोन.

“भिंगरे, किती गोड लिहिलंस गं! रडलेच मी.”

लिहिलं? मी? ‘काय लिहिलं होतं, दाखव ना,’ म्हटल्यावर ताईनं त्या गप्पांची पानंच फोनवर पाठवली. वर नाव माझं, फोटो माझा, खाली तीन दिवसांच्या गप्पा. ‘ताई, चुकलं माझं.’ किती सहज! आईच्या आजारपणात कोण किती राबलं यावरून अबोला धरलेला, आणि जे तीन शब्द दोन वर्षं माझ्या घशात अडकून बसले, ते कुठल्याशा भामटीनं — भामटाही असेल, पण नाही, भामटीच — बसल्या बसल्या लिहून टाकले. पुढं लाडिक प्रश्न : ‘आई मला काय म्हणायची गं?’ आणि ताईनं लगेच सांगून टाकलं : भिंगरी. पासवर्ड विसरला की माझं खातं नेमकं हेच विचारायचं, लहानपणीचं घरातलं नाव.

“आधी ते उत्तर बदला,” काचा घासणारे काका म्हणाले. “आणि बहिणीला सांगा. आज नाव विचारलं, उद्या तिचंच काहीतरी काढून घेतील.”

उत्तर तिनं बदललं. आईनं कधीच न मारलेली एक हाक लिहिली. पण जळफळाट जाईना. ‘ये, खिडकीजवळची खाट तुझ्यासाठी ठेवलीय,’ असं ताई त्या भामटीला म्हणाली होती — तिला! मला इतक्या मायेनं शेवटचं कधी बोलावलं होतं?

‘ताई, ती मी नव्हते,’ तिनं लिहिलं. हे पाठवलं की भामटी जाईल, आणि तिच्याबरोबर माफीही. मग पुढं लिहायला हवं... पण तेच तीन शब्द आता मी लिहिले, तर नक्कल माझीच ठरणार.

फोन वाजला. ताईच. “भिंगरे, कधी येतेस?”

हाक कुणाला होती कोण जाणे. तिच्या तोंडून मात्र ‘ओ’ गेली.