ब्रशाचा टेकू

"जगात माणसांच्या दोनच जाती," लायल हॅकबार्थ दुकानाच्या मधोमध धनुष्य ओढून उभा राहत म्हणाला. "एक, ज्यांच्या बाणाला पडता टेकू चालतो. आणि दुसरी, ज्यांनी धनुष्य हातातच धरू नये. ब्रशाचा टेकू काढलाय तो लहान पोरांसाठी, विमा एजंटांसाठी आणि हद्दीपलीकडच्या राज्यातल्या इलिनॉयवाल्यांसाठी. पुरुषाचा बाण—"

एवढ्यात पुरुषाचा बाण टेकूवरून घसरला, मुठीच्या ॲल्युमिनियमवर टण्णकन आपटला आणि घरंगळत काउंटरखाली गेला.

बाकावर आम्ही तिघे बसलो होतो. कोणी हसले नाही. हसण्यात वेळ जातो, आणि आम्हांला पुढचे बघायचे होते.

काउंटरमागे रॉली टेश होता. त्याने वाकून बाण उचलला, डोळ्यांसमोर धरून फिरवून पाहिला आणि पुन्हा काउंटरवर ठेवला. "सरळ आहे," तो म्हणाला. "बाण."

गुरांच्या खाद्याच्या गोदामामागे रॉलीचे हे धनुष्यांचे दुकान आहे. चाळीस मैलांत दुसरे नाही, आणि लायल तिथे येण्याचे तेवढे एकच कारण होते. रॉली हा त्याच्या बायकोचा, आर्डिसचा, धाकटा भाऊ. आर्डिस होती तोवर दोघे तिच्यामार्फत भांडत. ती गेल्यावर मधला माणूस नाहीसा झाला आणि भांडणाचा खर्च वाचला. लायलने तेहतीस वर्षे सरकारी गाडीने रस्त्यांवरचा बर्फ सारला. त्या तेहतीस वर्षांत रॉलीच्या फाटकासमोरचा ढीग शेजाऱ्यांच्या ढिगांपेक्षा नेहमी फूटभर उंच असे. लायल त्याला वारा म्हणत असे.

शनिवारी पहाटे हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होणार होता आणि हा शुक्रवार होता.

"टेकूची दोरी तू बांधलीस," लायल म्हणाला. "गेल्या वर्षीही आणि आत्ताही. ढिली बांधलीस."

"मी बांधलेली दोरी ढिली नसते."

"मग बाण पडला कसा?"

"तेच आपला शिकारीचा सगळा तळ विचारतोय," रॉली म्हणाला, "अकरा महिने झाले."

पडत्या टेकूची गंमत अशी, की धनुष्य ओढले की त्याची दोन बोटे वर उठतात आणि बाणाला तळहातावर घेतल्यासारखे धरतात. बाण सुटला की दोरी सैल पडते आणि बोटे खाली लोळतात, म्हणजे बाणाच्या पिसांना काही लागत नाही. फार सुंदर वस्तू. अट एवढीच, की ओढणारा हात स्थिर हवा. गेल्या ऑक्टोबरात दहा टोकांच्या शिंगांचा नर लायलचे मचाण असलेल्या ओकाच्या झाडाखाली येऊन उभा राहिला, वीस पावलांवर, कूस दाखवून. लायलने धनुष्य ओढले. टण्ण. नराने वर पाहिले आणि त्याने पुढची सगळी वर्षे जगायचे ठरवले.

नेम चुकला की त्याच्या सदऱ्याची मागची शेपूट कापून तळावरच्या खोलीच्या भिंतीवर ठोकायची, हा आमचा कायदा. लायलचे म्हणणे, बाण सोडलाच नाही तर चुकला कसा? रॉलीने ते शांतपणे ऐकून घेतले आणि कातरी आणली. सदरा लोकरीचा होता, लाल-काळ्या चौकड्यांचा, आर्डिसने दिलेला. तेव्हापासून दोघांत बोलणे नाही. म्हणजे नव्हते. आज सकाळी लायल आत आला, धनुष्य काउंटरवर आपटले आणि म्हणाला, "बांध."

आणि रॉलीने बांधलीसुद्धा. सगळ्यांसमोर, जुनी दोरी कापून टाकून, नवी घालून, गाठीचे टोक जाळून पक्के करून. मग लायलने ओढले आणि जातींचे भाषण सुरू केले. पुढचे सांगितलेच आहे.

"पुन्हा ओढ," रॉली म्हणाला.

लायलने ओढले. टण्ण.

"तुझ्या दुकानात वारा येतो."

"खिडकी नाहीये दुकानाला."

तिसऱ्यांदा लायलने श्वास रोखला, मान ताठ केली. आम्हीही श्वास रोखला. बाण टेकूवर थरथरायला लागला, कडेकडेने सरकला आणि पडला. ह्या वेळी तो सरळ मर्वच्या बुटाशी येऊन थांबला. मर्व आमच्या बाकाचा सर्वांत जुना मालक. त्याने बाण उचलून दिला आणि म्हणाला, "लायल, जरा बेताने. मला दोनच पाय आहेत."

रॉली काउंटरमागून बाहेर आला. दोघांच्या हातांची लांबी सारखी आहे. एवढीच एक गोष्ट ते दोघे कुरकुर न करता मान्य करतात. त्याने लायलच्या हातातून धनुष्य घेतले, दोन पावलांवर टांगलेल्या कागदासमोर उभा राहिला, ओढले आणि सोडले. कागदाला भोक पडले. गोल, आजूबाजूला तीन पिसांच्या तीन बारीक चिरा. टेकू नीट असला तर भोक असे पडते. नीट नसला तर कागद फाटतो. कागद कोणाचा मेहुणा नसतो.

"दोरी ढिली आहे?" रॉलीने विचारले.

लायल भिंतीवर टांगलेल्या टेकूंकडे वळला. पडते टेकू सात प्रकारचे होते. त्याने एकेक हातात घेऊन परत ठेवला. शेवटी, जणू रस्त्यात दिसले म्हणून उचलले, अशा थाटात त्याने एक पाकीट काउंटरवर टाकले. आत एक कडी होती आणि कडीत सगळीकडून आत वळलेले राठ केस. बाण मधोमध खोचला की धनुष्य उलटे धरले तरी पडत नाही. ब्रशाचा टेकू.

"हे काय?" रॉली म्हणाला.

"ओळखीचा एक आहे. त्याच्यासाठी."

"कुठला?"

लायलने छताकडे पाहिले. "इलिनॉयचा."

मर्वला ठसका लागला.

"तुझी इलिनॉयमध्ये ओळख?"

"असते एकेकाची."

"बरं. त्याच्या हाताची लांबी?"

"माझ्याएवढी."

"ओढ किती पौंडांची?"

"बावन्न."

"तुझ्याएवढीच. आणि बसवायचा कशावर?"

"ह्याच्यावरच. उद्या त्याला माझं धनुष्य देणारेय."

"म्हणजे उद्या तळावर पाहुणा येतोय." रॉलीने खिशातून पेन्सिल काढली, कानामागे लावली. एवढा आनंदी मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. "तुला ठाऊकच असेल, लायल, पाहुण्याला ओकाचं मचाण मिळत नाही. पाहुणा खालच्या तंबूत बसतो. संडासाजवळच्या."

ओकाचे मचाण एकतीस वर्षे लायलचे होते. नदीचे वळण, दोन्ही पायवाटा आणि पलीकडचे मक्याचे शेत तिथून दिसते. त्या तंबूतून दिसतो तो संडास.

"माझ्या पाहुण्याला मिळेल," तो म्हणाला.

"नाही मिळायचं. आणि तू धनुष्य दिलंस तर तू तरी ओकावर कशाला चढतोस? भाषण करायला?"

लायलने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. उजवा जागेवर राहिला. डावा तिथेच, एखादी गाडी दूर कुठे चालू ठेवावी तसा, हलत राहिला. त्याने त्यावर उजवा ठेवला. मग दोन्ही हलू लागले.

"इलिनॉयचा कोणी नाहीये," तो म्हणाला. "मलाच हवाय. हात हलतो. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतो, जीव जायचा नाही, पण थांबायचाही नाही. दोरी ठीक होती. झालं समाधान?"

"नाही," रॉली म्हणाला. "नियम सांग."

"कुठला?"

"तुझाच. ओकाचा."

हा नियम आम्हा सर्वांना पाठ आहे, कारण तो तळाच्या दारावर खिळ्यांनी ठोकलेला आहे: ज्याचा हात स्थिर नाही त्याने शिडी चढू नये. अक्षर लायलचे. एकतीस वर्षांपूर्वी त्याने तो लिहिला तेव्हा ओकाचे मचाण एमिल टेशचे होते. एमिल म्हणजे आर्डिसचा आणि रॉलीचा बाप, लायलचा सासरा. त्याचा हात हलायला लागला होता. म्हातारा दोन हंगाम त्या तंबूत बसला आणि तिसऱ्याला आला नाही.

"म्हातारा पडला असता," लायल म्हणाला.

"तो कधी पडला नाही."

"पडला असता, रॉली."

"मग तूही पडशील. नियम सांग."

लायलने नियम सांगितला. सगळा, एकही शब्द न गाळता, शाळेतल्या मुलासारखा. सांगून झाल्यावर रॉलीने पाकीट फोडले.

त्याने जुना टेकू काढला, कडी बसवली, बाण घालून डोळा बारीक करून मध्य पाहिला, कडी अर्ध्या केसाएवढी डावीकडे घेतली, पुन्हा पाहिला. हे काम पाच मिनिटांचे आहे. त्याने वीस लावली. ज्याचा इतका राग आहे त्याचे काम एवढे नीट करताना मी दुसऱ्या कोणाला पाहिलेले नाही. कदाचित नंतर कोणी दोरीचे नाव काढू नये म्हणून असेल.

लायल कागदासमोर उभा राहिला. ओढले. बाण कडीत थरथरला, पण पडायला जागाच नव्हती. सुटला. गोल भोक. दुसरा त्याच भोकातून गेला. तिसराही.

"इलिनॉयवाला बरा मारतो," मर्व म्हणाला.

हंगामाआधीचा शेवटचा कागद नाव आणि तारीख घालून भिंतीला लावायचा, अशी दुकानाची रीत आहे. रॉलीने कागद उतरवला आणि कानामागची पेन्सिल काढली.

"थांब," लायल म्हणाला. "मी सांगतो तसं लिही. लायल हॅकबार्थ याने ओकाचे मचाण एकतीस वर्षे सांभाळून आज सोडले. कोणी काढून घेतले नाही. त्याने ते सोडले. स्वखुशीने, शुद्धीत, स्वतःच्या पायांवर उभा राहून. उद्यापासून तो खाली बसेल, आणि तिथूनही तुम्हा सर्वांपेक्षा मोठा नर मारेल. लिहिलंस?"

"'स्वखुशीने'ला जागा नाहीये."

"बारीक लिही."

रॉलीने बारीक लिहिले. कागद भिंतीला लावला. एक पाऊल मागे सरून दोघांनी तो वाचला. दोघांनाही तो आवडलेला दिसला नाही.

लायलने धनुष्य काखेत मारले. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी राजेशाही होते. आमच्याकडे पाहून मान हलवली. आम्ही उभे राहिलो नाही, पण पाय जवळ घेतले. तो दारापर्यंत गेला. बाहेर उत्तरेचे वारे सुटले होते. त्याने धनुष्य भिंतीला टेकवून खुंटीवरचे जाकीट चढवले आणि दाराकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून, बराच वेळ खाली मान घालून उभा राहिला. धातूवर धातू घासल्याचा बारीक आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. मर्वने छताचे पत्रे मोजायला घेतले.

मग लायल वळला, सबंध दुकान चालून काउंटरपाशी परत आला.

"रॉली."

"आता काय?"

"ही चेन तेवढी खाली अडकवून दे. वर माझी मी ओढतो."