सहाव्या नळीतलं मीठ

शेडमध्ये अडीच गाड्या होत्या. श्रियाने दार लोटलं, खिडक्यांवरची पोती बाजूला केली आणि सवयीने मोजायला सुरुवात केली. एक गाडी पूर्ण: १९७१ची डॅटसन २४०झेड, लांब नाकाची, दोन दारांची, एके काळी केशरी. दुसरी पूर्ण दिसणारी पण आतून पोकळ: ब्लूबर्ड कूपे, तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि डावं दार केव्हाच निघालं होतं. अर्धी म्हणजे खरोखरच अर्धी, दारांच्या जरा मागे कापलेली, भिंतीला टेकवलेली. चाकं अकरा. कार्ब्युरेटर पाच, त्यांतले दोनच जागेवर. बिस्किटांचे डबे सतरा, प्रत्येकावर आतल्या नट-बोल्टचं माप लिहिलेलं. मागच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने काढलेल्या बावीस ओळी आणि प्रत्येक ओळीत सहा आकडे. शेवटी, डॅटसनच्या उघड्या बॉनेटखाली, स्पार्कप्लगच्या जागी बसवलेल्या सहा काचेच्या नळ्या.

चार नळ्यांतले खडे फिकट गुलाबी पडले होते. पाचव्या आणि सहाव्या नळीत खडे नव्हतेच. त्यांच्या आतून पांढरा पापुद्रा धरला होता.

तिने सहावी नळी काढली, ओलं बोट आतून फिरवलं आणि रसायनशास्त्राच्या माणसाने कधी करू नये ते केलं. बोट जिभेला लावलं. खारट.

श्रियाचे वडील रघुवीरराव मोंबासा बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं होते. १९७९च्या अखेरीला ते महाडला परतले तेव्हा त्यांच्यासोबत बायको, तान्ही श्रिया, आठ ट्रंका आणि ही गाडी एवढं होतं. पेठेतल्या लोकांना वाटलं, माणूस दोन वर्षांत हे सोंग विकेल आणि शहाण्यासारखा जागा घेईल. रघुवीररावांनी घरामागे शेड बांधली. जोतं सावित्रीच्या पुराच्या सगळ्यात वरच्या खुणेपेक्षा तीन फूट उंच घेतलं. सुट्या भागांसाठी ब्लूबर्ड मुंबईच्या भंगारातून आली, अर्धी गाडी वापीहून ट्रकच्या टपावर. एक जगावी म्हणून दीड उपाशी ठेवली, असं श्रियाची आई सरोजबाई म्हणत आणि त्यात थट्टा किती आणि तक्रार किती हे कुणाला कळत नसे.

पुरापासून जोत्याने वाचवलं, पण हवेपासून कोण वाचवणार? महाडच्या पावसाळ्यात पापड ताटातच मऊ पडतो, काडेपेटी पेटायची नाही म्हणते, कपाटातल्या चपलांना मिशा फुटतात. तिथे लोखंडाची काय कथा. म्हणून रघुवीररावांनी जुन्या स्पार्कप्लगांची पोटं कोरून त्यांवर काचेच्या नळ्या बसवल्या होत्या, तळाला बारीक जाळी, आत सिलिका जेलचे निळे खडे. जूनमध्ये खरे प्लग काढून नळ्या बसवायच्या. खडे सिलिंडरमधला ओलावा ओढून घेत आणि गुलाबी होत. गुलाबी झाले की सरोजबाई तव्यावर भाजून ते पुन्हा निळे करत. दर अमावास्येला वरंधहून कुशाबा येई आणि पान्याने इंजिन पाव फेरा फिरवी, म्हणजे आतलं काही एका जागी धरून बसू नये. कुशाबा शेतकरी, पण पंधरा वर्षांत त्याच्या हाताला त्या इंजिनाची नस सापडली होती.

आणि दसऱ्याला मोजमाप. बाकीचं गाव गाडीला झेंडूची माळ घाली, ती हेही घालत, पण त्याआधी प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते पाहायचं. एकाने किल्ली फिरवायची, एकाने छिद्रावर गेज दाबून धरून आकडा मोठ्याने वाचायचा, एकाने भिंतीवर लिहायचा. जो वाचेल त्याने लिहायचं नाही. श्रिया आठ वर्षांची झाल्यापासून वाचायचं काम तिचं होतं. पहिल्या वर्षी तिने काटा एकशे साठच्या जरा अलीकडे असताना "एकशे साठ" म्हटलं, तेव्हा वडिलांनी ब्रश खाली ठेवला होता. "दिसतं ते सांगायचं, श्रिया. वाटतं ते नाही." पुढे ती पुण्याला केमिस्ट्री शिकली, त्याचं मूळ तिच्या मते त्या वाक्यात होतं.

गेल्या वर्षी, बाविसावी ओळ लिहून महिनाही झाला नव्हता, रघुवीररावांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं चार-दोन शब्दांवर आलं. गाडी आता आपल्याच्याने राखवणार नाही हे त्यांनीच सगळ्यांच्या आधी ओळखलं. डाव्या हाताने, दोन दिवस लावून, त्यांनी पुण्याच्या एका माणसाला पत्र लिहिलं. आमोद नावाचा तो दंतवैद्य जुन्या जपानी गाड्या जमवणारा होता. त्याचं उत्तर सरळ होतं. इंजिन मूळचं आणि निरोगी असेल, एकही सिलिंडर एकशे वीस पौंडांच्या खाली नसेल, तर गाडी अख्खी नेईन, जपेन, चालवीन. नसेल तर मात्र दारं, गिअरबॉक्स, काचा सुट्या करून नेईन. माझ्याकडे अशीच एक आहे, तिला लागतील. रघुवीररावांनी ते पत्र उशीखाली ठेवलं होतं. कुणी भेटायला आलं की काढून दाखवत आणि एकच शब्द म्हणत, "अख्खी."

आमोद रविवारी येणार होता. श्रिया शनिवारी दुपारी पोचली होती. नोकरी नवी, दसरा-दिवाळीलाही तिला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून यंदाचं मोजमाप राहूनच गेलं होतं.

सरोजबाई मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. पाच आणि सहा नंबरमध्ये मीठ कुणी घातलं, असं श्रियाने विचारलं.

"मी," त्या म्हणाल्या. मग सूप खाली ठेवलं. "तूच सांगितलंस की."

तेव्हा श्रियाला आठवलं. जूनमधली गोष्ट. दोन नळ्या तडकल्या होत्या, त्यांतले खडे सांडून शेडच्या धुळीत गेले होते. नळ्या नव्या बसवल्या, पण खडे महाडमध्ये मिळेनात. आईने एसटीडीवरून होस्टेलला फोन केला होता. श्रियाची त्या दिवशी शेवटची प्रॅक्टिकल होती, ती जिन्यात उभी होती, मागे मैत्रिणी हाका मारत होत्या. ओलावा ओढणारं दुसरं काय असतं, आईने विचारलं. कॅल्शियम क्लोराइड, चुनकळी, अगदी मीठसुद्धा ओढतं, असं ती म्हणाली. भाजून घालू का? घाल. एवढंच. अर्धं मिनिट झालं असेल.

"दर आठ दिवसांनी भाजून बदलत होते," सरोजबाई म्हणाल्या. "मग जुलैत यांना न्यूमोनिया झाला. सव्वीस दिवस आपण मुंबईला. कोण बदलणार?"

श्रियाने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मिठाला पावसात पाणी सुटतं हे मला ठाऊक नव्हतं असं वाटतं का तुला? जन्मभर मिठाची बरणी बघत आले मी. पण म्हटलं, तुम्ही शिकलेली माणसं. तुमच्या पुस्तकात काही वेगळं असेल."

पुस्तकात वेगळं काही नव्हतं. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की मीठ ओलावा धरून ठेवत नाही, त्या ओलाव्यात स्वतःच विरघळतं. हे श्रियाला जूनमध्ये माहीत होतं. महाडची हवा जुलैत नव्वदच्या खाली उतरत नाही हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात दोन वेगळ्या खणांत पडून होत्या आणि जिन्यात उभं राहून तिने एकच खण उघडला होता. सव्वीस दिवस मिठाचं पाणी जाळीतून थेंब थेंब खाली, पिस्टनच्या डोक्यावर गळत राहिलं होतं.

संध्याकाळी कुशाबा ट्रॅक्स जीपची एक बॅटरी खांद्यावर घेऊन आला. त्याला विचारल्यावर त्याने आधी बॅटरी नीट ठेवली, मग टोपी काढली, मग परत घातली. लावणीच्या दिवसांत दोन अमावास्या त्याच्या हुकल्या होत्या. गणपतीच्या आधी आला तेव्हा पाना हलेना.

"मंग डिझेल ओतला, बाय, दोन दिस मुरू दिला. तरी नाय. मंग पायपाची दांडी लावली आन् जोर दिला. आत कट् करून वाजला आन् फिरला. सायबांना नाय सांगितला. आदीच अर्धा मानूस उरलाय त्यो, त्याला काय सांगायचा?"

रविवारी सकाळी दहाला आमोद आला. चाळिशीचा, गोल, बोलका माणूस. आल्या आल्या रघुवीररावांच्या पाया पडला, त्यांच्या डाव्या हाताशी हात मिळवला आणि शेडमध्ये शिरला. त्याने दाराच्या कडेवरून हात फिरवला, खाली वाकून चासी पाहिली, टॉर्च मारून पत्र्याच्या सांध्यांत बघितलं. काका, पुण्यात कोरड्या हवेत असूनसुद्धा माझ्या गाडीचा पत्रा इतका चांगला नाही, असं तो म्हणाला. रघुवीररावांचा अर्धा चेहरा हसला. त्यांची खुर्ची शेडच्या दाराशी, भिंतीजवळ ठेवली होती. मांडीवर निळ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश. लिहायचं काम ते कुणाला देणार नव्हते.

चहाच्या वेळी सरोजबाईंनी श्रियाला स्वयंपाकघरात थांबवलं. कप विसळत, तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, काट्याकडे फक्त तूच बघणार ना?

"हो."

"मग त्यांच्या डोळ्यांसमोरून गाडी अख्खी जाऊ दे. पुढे पुण्यात काय व्हायचं ते होईल. त्यांना दिसणार नाही."

श्रियाने ट्रे उचलला. तो घेऊन ती बाहेर गेली.

सगळे प्लग काढले होते. कुशाबाने बॅटरीच्या तारा धरल्या, आमोद किल्लीशी बसला, श्रियाने पहिल्या छिद्रावर गेज दाबलं. आमोदने आतून ओरडून विनोद केला: दात आणि सिलिंडर सारखेच, एक किडला की शेजारचा धरतो. कुशाबा हसला नाही. स्टार्टर घरघरला, इंजिनाने सहा श्वास घेतले, काटा चढत गेला.

"एकशे पंचावन्न," श्रिया म्हणाली.

रघुवीररावांनी तारीख आधीच लिहून ठेवली होती. तारखेपुढे त्यांनी आकडा काढला, एकेका आकड्याला चार-पाच सेकंद. दुसरा एकशे अठ्ठावन्न. तिसरा एकशे बावन्न. आमोदने खिडकीतून अंगठा दाखवला. चौथा एकशे छप्पन्न. रघुवीरराव आता ब्रश रंगात बुडवून तयारच बसले होते.

पाचव्याला काटा साठवर जाऊन थांबला. सहा श्वास झाले, आणखी दोन झाले, तो तिथेच. आमोदने किल्ली सोडली. शेडमध्ये एकदम शांत झालं आणि श्रियाला मागे, दाराशी आई येऊन उभी राहिल्याचं कळलं. एकशे तीस म्हटलं असतं तरी चाललं असतं. एकशे तीस म्हणायला साठ म्हणण्यापेक्षा फारसा जास्त वेळ लागत नाही.

"साठ," ती म्हणाली.

ब्रश हवेत राहिला. रघुवीररावांनी तिच्याकडे पाहिलं. बॉनेटआडून कुशाबा पुढे आला.

"सायब, माज्याच हातून झालाय. बसला होता, मी जोर लावला."

"नाही," श्रिया म्हणाली. "बसला मिठाने. मीठ घालायला मी सांगितलं होतं, बाबा. फोनवर, जूनमध्ये. आईने फक्त ऐकलं."

सरोजबाईंनी तोंडाला पदर लावला. आमोद स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत बसला होता. बाहेर रस्त्यावर कुणीतरी एसटीला हात करून ओरडत होतं, ती थांबली नसावी.

रघुवीररावांनी ब्रश परत रंगात बुडवला, कडेला पुसला आणि साठ लिहिला. मग हातानेच खूण केली. पुढचा.

श्रियाने सहाव्या छिद्रावर गेज दाबलं. आमोदने किल्ली फिरवली आणि इंजिन दहा वेळा फिरेपर्यंत सोडली नाही. तिने वाचलं. त्यांनी लिहिलं. कुशाबाने बॅटरीच्या तारा काढल्या आणि गुंडाळून ठेवल्या.

भिंतीवर तेविसावी ओळ आधीच्या ओळींपेक्षा उजवीकडे उतरत गेलेली आहे.

२४ नोव्हेंबर २००२: १५५, १५८, १५२, १५६, ६०, ०.