सतरा तासांचा शब्द

माझी तान्ही केझाया दूध पिता पिता झोपली आहे, तेवढ्यात लिहून घेते.

आज पाद्रीसाहेब थ्वेट आले होते. आम्हा यॉर्कशरच्या डोंगरी लोकांचे शब्द ते चिठ्ठ्यांवर टिपतात आणि कोश करणाऱ्या विद्वानांकडे पाठवतात. आजची चिठ्ठी ‘थोल’ची होती. थोल म्हणजे सोसणं, पण मान खाली घालून नव्हे, पाय रोवून. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका हस्तलिखित काव्यात त्यांना तो सापडला होता.

“गावात एकानंही ओळखला नाही,” ते हळहळले. “आजच्या टपालानं पाठवतो. ‘मृत’ असा शेरा मारून.”

“मेलाच तो, साहेब,” सासूबाई म्हणाल्या. मोजा विणणाऱ्या सुया थांबल्या नाहीत. “आम्ही नाही असलं गावंढळ बोलत.”

मला हसू आलं आणि रागही. पाद्रीसाहेब दारात दिसले की आमचं अख्खं गाव शाळेच्या पुस्तकासारखं बोलू लागतं. त्यांची पाठ वळली की जीभ पुन्हा आमची. बिचाऱ्यांच्या कानावर शब्द पडणार कुठून?

“खोटं आहे,” मी म्हणाले. “आई, केझायाच्या वेळी माझा हात धरून काय म्हणत होतात? थोल, पोरी, थोल.”

“अगं बाई! पाद्रीसाहेबांपुढे बाळंतपणाचा विषय काढतेस?”

मी साहेबांकडे वळले. “तुमच्या त्या काव्यात हा शब्द कुणासाठी आलाय?”

“एका जखमी सरदारासाठी.”

“मग त्याचं रक्त चालतं, माझं नाही?”

साहेबांचे कान लालबुंद झाले. त्यांनी ‘मृत’ खोडलं खरं, पण पुढे शब्दाचं उदाहरण लिहिताना लेखणी अडली. “असं लिहू का? मेंढी विताना धनगर तिला म्हणतो...”

सुया थांबल्या.

“मेंढी?” सासूबाई उठून उभ्याच राहिल्या. “माझ्या सुनंला मेंढी करता व्हय? सतरा तास थोलली ती! सतरा लिवा. आन् म्हणणारीचं, माझं नाव लिवा, डॉर्कस किअर्टन. काय लाजायचं न्हाई त्यात!”

साहेबांनी तसंच लिहिलं. सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली, दोनदा मोठ्यानं वाचून घेतली. सतरा आहे म्हटल्यावरच साहेबांना दारातून जाऊ दिलं.