झाकणातलं कासव

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पण लग्नात लोक गळ्यात अडकवून मिरवतात, तसला नव्हे. माझं घर म्हणजे एका लॅपटॉपचं झाकण. झाकणाच्या वरच्या कडेला एक बटण होतं. ते दाबलं, की 'टक्' असा आवाज करून मी मान बाहेर काढायचो आणि समोर बसलेल्या माणसाचं चित्र फोनच्या तारेतून दूरदेशी पाठवायचो. काम झालं, की माझ्या डोक्यावर बोट ठेवून हलकेच दाबायचं. मी परत आत.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. डोळा काचेचा, मान प्लॅस्टिकची आणि मानेखाली केसासारख्या तारेची स्प्रिंग. तयार झाल्यावर एका यंत्राने मला इतक्या वेळा वरखाली केलं, की मला वाटलं, आयुष्यातली सगळी मेहनत इथेच संपली. आता पुढे आराम. मित्रांनो, तेव्हा मी केंदूर पाहिलेलं नव्हतं.

पहिल्यांदा मी आलो रांजणगावच्या एका कारखान्यात, एका जपानी साहेबांबरोबर. साहेब संध्याकाळी आपल्या आईशी बोलायचे. बोलता बोलता दोघंही एकमेकांना वाकून नमस्कार करायची. त्यामुळे निम्मा वेळ मी जपानला साहेबांचा भांगच पाठवत असे. पण माझा मान मोठा होता. लॅपटॉपमधूनच कॅमेरा निघतो, हे ऑफिसात कुणी पाहिलेलं नव्हतं. जो तो यायचा, "साहेब, एकदा दाबू का?" म्हणायचा आणि चार वेळा दाबायचा. माझी स्प्रिंग ढिली पडायला सुरुवात झाली ती त्या कौतुकानेच.

त्या ऑफिसात मोनाली नावाची मुलगी टायपिंग करायची. ती केंदूर गावची. तिने साहेबांना मराठी बोलायला शिकवलं होतं, आणि डब्यातली भाकरी मोडून कशी खायची तेही. साहेब कायमचे जपानला निघाले, तेव्हा त्यांनी आपला लॅपटॉप तिला भेट दिला. "जुना आहे. डोळा थोडा म्हातारा," असं ते मराठीतच म्हणाले. हे खरंच होतं. माझ्या डोळ्यात काहीतरी बिघडलं होतं. लाल रंग मला तपकिरी दिसू लागला होता. पण साहेबांच्या आईला त्याने काय फरक पडणार? त्यांना साहेबांचे केस काळेच दिसत होते.

तर मी केंदूरला आलो. मोनालीच्या घरी चार माणसं : ती, तिचा थोरला भाऊ संपत, आई पार्वतीबाई आणि वडील म्हाळू आबा. मी पहिल्यांदा मान बाहेर काढली तेव्हा पार्वतीबाई दचकून मागे सरल्या. "अगं बया, हे तर कासवच हाय!" म्हणाल्या. तेव्हापासून त्या घरात माझं नाव कासव पडलं.

त्या वर्षी घरात मोठं भांडण चाललं होतं. संपतने हट्टाने प्लॅस्टिकच्या छताचं पॉलिहाऊस उभारून त्यात जरबेरा लावला होता. जरबेरा म्हणजे थाळीसारखी गोल, लालभडक फुलं. फुलं आली सुरेख, पण त्या दिवाळीला बाजारात सगळ्यांना झेंडूच हवा होता. आबांना तर पहिल्या दिवसापासून त्या फुलांचा राग. पॉलिहाऊसवरून जाताना ते रोज मोठ्यांदा म्हणायचे, "वास न्हाई, फळ न्हाई, जनावर त्वांड लावत न्हाई. पीक हाय का सोंग?"

एक दिवस त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "संपत, ह्या आठवड्यात गिऱ्हाईक आन. न्हाईतर म्या सोता समदी उपटून तिथं कांदा लावनार."

"कांदा? पॉलिहाऊसमदी?" संपत म्हणाला.

"व्हय. कांद्यालाबी कवातरी बंगल्यात ऱ्हाऊ दे की!"

संपतने खूप धावाधाव केली. शेवटी ओळखीतून त्याला दुबईचे एक फूलवाले शेठ मिळाले. पण शेठ पोळलेले होते. कुणीतरी त्यांना फोटो सुंदर पाठवला होता आणि माल कुजका. त्यामुळे त्यांनी फोनवर साफ सांगितलं, "फोटो नहीं चलेगा. झाड पे लगा हुआ फूल सामने दिखाओ, तभी बात करेंगे."

संपत डोकं धरून बसला. तेव्हा मोनाली म्हणाली, "दादा, आपलं कासव हाय की!"

मित्रांनो, माझी छाती फुगली. पण अडचण अशी, की फोनची तार घरात आणि पॉलिहाऊस ओढ्यापलीकडे. संपतने तारेचं भलं मोठं भेंडोळं आणलं. घरातल्या फोनपासून तार निघाली ती गोठ्यावरून, बांधावरून, आबांच्या टोमॅटोच्या काठ्यांवरून, ओढा ओलांडून थेट पॉलिहाऊसच्या दारात. शेजारचे भैरू मामा बांधावर उभे राहून हे पाहत होते.

"काय रं संपत, फुलांना फोन जोडला व्हय?"

"व्हय मामा. आता त्यांचा दर त्याच ठरवत्याल!"

ठरलेल्या दिवशी निघण्याआधी मोनालीने घरातच माझं बटण दाबलं. 'टक्' झालं, मी मान बाहेर काढली, आणि माझी मान पुढे कलंडली. स्प्रिंगमध्ये जीवच उरला नव्हता. उभी केली की पडायची. पार्वतीबाई पोळ्यांची कणीक मळत होत्या. त्यांनी त्यातला गोळा तोडला, माझ्या मानेभोवती लिंपला आणि म्हणाल्या, "आता हलून दाखव म्हनावं!" जपानच्या त्या कारखान्याने हे पाहिलं असतं, तर त्यांनी काय केलं असतं कोण जाणे. पण मी ताठ उभा राहिलो, एवढं खरं.

पॉलिहाऊसमध्ये मोनालीने लॅपटॉप हातावर धरला. किर्रकिर्र, पींपीं करत फोन लागला. पडद्यावर शेठजींचा चेहरा तुकड्यातुकड्याने आला. आधी टक्कल, मग चष्मा, मग मिशा. त्या काळी चित्र असंच यायचं. बैलगाडीतून यावं तसं, सावकाश. संपतने हात जोडले, झाडावरचं फूल पुढे वाकवलं आणि बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात शेठजी गायब झाले.

"तार तुटली!" असं ओरडून संपत तारेच्या मागे पळत सुटला. ओढ्याजवळ भैरू मामांची शेळी शांतपणे तार चघळत उभी होती. संपतने तिला हाकललं, दोन्ही टोकं सोलली आणि एकमेकांत पिळली. पण हात सोडला की टोकं सुटायची. शेवटी तो तार चिमटीत धरून तिथेच उभा राहिला आणि ओरडला, "मोने, फोन लाव! म्या हितनं हालत न्हाई!"

मोनालीने पुन्हा फोन लावला. पण आता फूल धरायला माणूसच नव्हतं. लॅपटॉप धरायला दोन्ही हात लागत होते. आई घरात चुलीपुढे. पॉलिहाऊसच्या दारात फक्त आबा उभे होते, गंमत बघायला आलेले.

"आबा, तेवढं फूल धरता का?" मोनाली घाबरत म्हणाली.

आबा कुरकुरत आत आले. सोंगाला हात लावल्यासारखं त्यांनी झाडावरचं एक फूल दोन बोटांत धरून माझ्याकडे वळवलं. मला ठाऊक होतं, मी काय पाठवणार आहे ते. ते लालभडक फूल माझ्या डोळ्यातून तपकिरी होऊन दुबईला चाललं होतं. आणि मला तोंड नव्हतं.

शेठजींच्या कपाळावर आठ्या पडल्या. "चाचा, ये क्या दिखा रहे हो? ये तो सड़ा हुआ माल है!"

मोनालीचा चेहरा उतरला. तिला वाटलं, झालं, आता आबा खुशीत 'व्हय, सडकंच हाय' म्हणणार आणि संध्याकाळी कुदळ घेऊन येणार. मलाही तसंच वाटलं. आबांच्या मनासारखं तर झालं होतं!

पण आबांचा चेहरा तांबडा झाला असावा. मला तपकिरी दिसला.

"कुनाला सडकं म्हनतो रं?" ते गरजले. "माझ्या पोरानं दिसरात एक करून वाढीवल्यात ही फुलं! हे देठ बघ! काठीवानी हाय! ही पाकळी बघ! हिला सडकं म्हनतोस? चष्मा पूस तुझा आदी!"

"आबा, आबा, ते गिऱ्हाईक हाय!" मोनाली कुजबुजली.

"असंल! आमच्या फुलाला नावं ठिवायचा त्याला काय अधिकार? ती म्या ठिवीन!"

शेठजीही चिडले. "चाचा, मैं अंधा नहीं हूँ. मुझे भूरा दिख रहा है, भूरा!"

आबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग कोपरीच्या खिशात हात घातला. येता येता टोमॅटोच्या शेतातून तोडलेला एक पिकलेला टोमॅटो त्यात होता. तो त्यांनी फुलाशेजारी धरला. "हे काय हाय, सांग? टोमॅटो हाय का न्हाई? ह्योबी तुला सडल्यालाच दिसतोय का?"

दुबईला टोमॅटो पोचायला वेळ लागला. दुरून संपतचा आवाज येत होता, "दिसतंय का? आरं, कुनी बोला की!"

मग आधी आवाज आला. शेठजी हसत होते. त्यामागून चित्र आलं, चष्मा काढून डोळे पुसणाऱ्या शेठजींचं.

"चाचा, टमाटर भी सड़ा हुआ है! आप भी सड़े हुए हो! फूल ठीक है चाचा, आपका कैमरा सड़ा हुआ है!"

आबांनी पुरावा म्हणून तो टोमॅटो कचकन चावला. त्याचा रस माझ्या डोळ्यात उडाला आणि मग दुबईला काहीच दिसेनासं झालं. पण आता बघायचं काही उरलंच नव्हतं. शेठजींनी थोडा माल पाठवायला सांगितला, चांगला निघाला तर दर आठवड्याला घेईन म्हणाले, आणि वर विचारलं, "चाचा टमाटर भी बेचते हैं क्या?"

मित्रांनो, जन्मभर माझं कौतुक झालं ते मी टक्कन उभा राहतो म्हणून. आणि माझा खरा उपयोग झाला, तो मी सडका आहे हे सिद्ध झालं तेव्हा!

मोनाली धावत ओढ्याकडे गेली. "दादा, ठरलं! शेठ माल घेनार!" असं ती सांगत होती, तरी संपत तार सोडायला तयार नव्हता. त्याला भीती, तार सोडली आणि ठरलेलं मोडलं तर?

जेवताना संपतने हळूच विचारलं, "आबा, मग फुलं उपटायची का?"

"हात तर लावून बघ," आबा म्हणाले आणि भाकरी कुस्करू लागले.

पुढे माल गेला, दर आठवड्याला जाऊ लागला. लॅपटॉपही नवे आले. त्यांचे कॅमेरे झाकणातच पक्के बसवलेले, ना मान ना स्प्रिंग. माझी गरज सरली. मोनालीचं लग्न दौंडच्या जयसिंगशी झालं. तो रेल्वेत नोकरीला. तिच्या सामानाबरोबर मी रेल्वे कॉलनीतल्या लोखंडी कपाटात गेलो, साड्यांच्या घडीखाली. तिथे मालगाडी गेली की कपाट थरथरायचं आणि माझी ढिली मान आपोआप आतबाहेर व्हायची. टक्! मोनालीच्या सासूबाई अनसाबाईंना वाटलं, कपाटात उंदीर शिरलाय. त्यांनी भज्याचा तुकडा लावून पिंजरा ठेवला. गाडी गेली की टक्, आणि उंदीर काही सापडेना. शेवटी त्यांनी सगळ्या साड्या उपसल्या आणि मला पकडलं.

"हे ध्यान हाय व्हय! आंधळं, मान पडल्यालं. भंगारात घाला," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी म्हाळू आबा लेकीकडे आले होते. ते आता खूप थकले होते. "थांबा, विहीनबाई," ते म्हणाले. "आंधळं, मान पडल्यालं म्हनून भंगारात द्यायचं ठरलं, तर माझा लंबर त्याच्या मागचाच हाय."

अनसाबाईंनी पदर तोंडाला लावला, हसू आवरेना. आबांनी मला मांडीवर घेतलं, धोतराचा सोगा जिभेने ओला केला आणि माझी काच सावकाश पुसली. मित्रांनो, माझ्या मानेला कणीक लागली, माझ्या डोळ्यात टोमॅटो उडाला, पण इतक्या वर्षांत माझी काच पुसावी असं कुणालाच सुचलं नव्हतं. त्या घरात अजून कुणी मला भंगारात देण्याचं नाव काढत नाही.

तुमच्याही घरी माझी भावंडं असतील. त्यांची बटणं उगाच दाबू नका, त्यांची काच पुसत जा. आणि समोरचं फूल किंवा समोरचा माणूस सडका दिसला, तर शिव्या द्यायच्या आधी एकदा स्वतःचीही काच पुसून पाहा. त्याला धोतराचा सोगाच लागतो असं नाही. सदऱ्याचं टोकही चालतं.