अठ्ठेचाळीस किलोची साक्षी

माझ्या दिराच्या मोबाइलात एक साक्षी हाय आणि माझ्या घरात एक. मोबाइलातली जिंकत होती आणि तिच्यापायी घरातली उपाशी राहत होती. असं कुठं ऐकलंय काय तुम्ही? मीबी नव्हतं ऐकलं.

मी रेश्मा. पाचाडला गडाच्या पायथ्याशी आमची खानावळ हाय. घराच्या पडवीतच चार बाकडी टाकलेली. गड उतरून आलेली माणसं पाय ओढत येतात, त्यांना पिठलं-भाकरी, ठेचा आणि गार ताक. ह्यांची नोकरी पनवेलला, हे येतात सुट्टीला. बाकी घर म्हणजे मी, माझी लेक साक्षी आणि माझा धाकटा दीर सुहास.

साक्षी महाडच्या कॉलेजात जाते. तिथल्या एका सरांनी तिला बॉक्सिंगचा नाद लावला. पोरीच्या जातीला हे काय, असं म्हणून मी आधी आकाशपाताळ एक केलं होतं. पण तिला त्या हातमोज्यांत हसताना बघितलं आणि माझं तोंड बंद झालं. यंदा जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर राज्याला जायचं, एवढा एकच ध्यास होता तिला. झोपेतबी मुठी वळायची. आणि नेमकं यंदाच सर बदली होऊन गेले.

सर गेले आणि सुहासभावोजी गुरू झाले. भावोजी आधी मुंबईला होते, आता महाडच्या कारखान्यात. माणूस सोन्यासारखा, साक्षीवर जीव टाकतो, पण हातातून मोबाइल सुटायचा नाय. त्यात तो बॉक्सिंगचा गेम. त्यात म्हणे आपण मारामारी करायची नाय, आपण जिमचा मालक व्हायचं. खेळाडू निवडायचा, तो कुठल्या वजनाच्या गटात लढणार ते ठरवायचं, मग त्याची पद्धत ठरवायची. एक लांबून मारणारा, एक आत घुसून मारणारा, एक नुसता वाट बघत बसणारा आणि समोरचा चुकला की हाणणारा. भावोजींनी त्यात साक्षीच्या नावाची पोरगी बनवली. तिचीच उंची, तिच्याच हातांची लांबी. केसांची वेणीबी तशीच घातली होती हो!

"वयनी, हिचं वजन हाय बावन्नच्या आसपास," ते मला समजवायचे. "एकावन्नच्या गटात लढवली तर समोर दांडग्या पोरी येणार. अठ्ठेचाळीसच्या गटात उतरवली तर हीच सगळ्यांत उंच. लांब उभी राहायची, लांबून मारायची. कुणी जवळच येऊ शकणार नाय."

"पण भावोजी, ती तर आत घुसते. सर तेच शिकवून गेलेत."

"म्हणूनच पद्धत बदलायची."

"आणि चार किलो कुठून काढायचे? ती काय दुभती म्हैस हाय, काढले चार लिटर?"

माझं काय त्यांनी मनावर घेतलं नाय. पण मी अडून बसले. पोटाला चिमटा काढून खेळायचं ते खेळणं कसलं? शेवटी एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, ते मोबाइल घेऊन चुलीपाशी आले. म्हणाले, "बघा तुम्हीच. ही घ्या साक्षी, एकावन्नमध्ये टाकली. आत घुसणारी. तुमच्या मनासारखं."

मी भाकरी तव्यावर तशीच ठेवून बघायला बसले. ती चित्रातली पोर रिंगणात आली. वेणी उडत होती. समोरची आडदांड. साक्षी आत घुसली, एक ठोसा बसला, दुसरा बसला आणि ती गुडघ्यावर आली. मग आडवी. वर तिचं नाव आलं, मराठीत नव्हतं पण आपल्या लेकीचं नाव कुठल्याबी अक्षरात ओळखू येतं. तव्यावरची भाकरी करपून कोळसा झाली, मला पत्ता नाय. भावोजींनी परत लढवली, परत ती पडली. मग अठ्ठेचाळीसमध्ये टाकली, लांबून मारणारी केली आणि ती जिंकली. हात वर करून नाचायला लागली.

"काय ते करा," मी म्हटलं. "पण ती पडायला नको."

त्या दिवसापासून साक्षीची अर्धी भाकरी झाली. भात बंद. ठेचा चालेल पण भाकरी अर्धीच. भाकऱ्यांची दुरडी मी फळीवर ठेवायला लागले. गडावरून आलेल्या लोकांना मी पुढ्यात बसून आग्रह करायचे, अजून घ्या, पोटभर जेवा, आणि माझी पोर पाण्याचे तांबे भरत त्यांच्या मधून फिरायची. जीव तुटायचा. एकदा परातीत पीठ मळता मळता ती भिंतीला टेकली आणि डोळे मिटून घेतलेन. मी धावले तर म्हणते, "काय नाय गो आये, जरा गरगरलं." मी दुधाचा पेला तिच्या ओठाला लावला, तर भावोजी दारातून म्हणाले, "वयनी, आता थोडक्यासाठी घात करू नका." मला ती चित्रातली आडवी पडलेली पोर दिसली. मी पेला खाली ठेवला.

वजन करायला वजनकाटा कुठला? तर आमच्या गावच्या चांगूची भातगिरणी. तिथं जुना लोखंडी काटा हाय, खाली फळा आणि वर दांडी, दांडीवर सरकवायचं वजन. चांगू भाताची गोणी बाजूला करायचा, साक्षी चपला काढून फळ्यावर उभी राहायची आणि भावोजी वाकून दांडीला डोळा लावायचे. दर आठवड्याला काटा थोडा थोडा खाली. निवडीच्या आदल्या दिवशी दांडी बरोबर अठ्ठेचाळीसवर थांबली. भावोजींनी चांगूला मिठी मारली. मीबी देवापुढं साखर ठेवली. वाटलं, सुटलो बाई.

निवड महाडला होती, एका मोठ्या हॉलमध्ये. बाहेर चपलांचा ढीग, आत घामाचा वास, सगळीकडून पोरीच पोरी. वजन घ्यायला चष्मा लावलेल्या एक मॅडम बसल्या होत्या. साक्षी काट्यावर चढली. हा काटा आकड्यांचा. मॅडमनी आकडा बघितला, चष्मा वर केला, परत बघितला.

"एकोणपन्नासच्या वर भरतंय. अठ्ठेचाळीसच्या गटात नाही बसणार."

"असं कसं?" भावोजींचा चेहरा पांढराफटक. "काल सांजचं बरोबर होतं. तुमच्या काट्यात कायतरी गडबड हाय."

"बाकीच्या मुली याच काट्यावर बसल्या," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तासाभराची मुदत आहे. वजन उतरवा, नाहीतर एकावन्नच्या गटात नाव घालते. तासानंतर मात्र दोन्ही नाही."

एवढे दिवस पोरीच्या तोंडचा घास काढला तो कशाला मग? मी बाहेर येऊन चांगूला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. काटा हाय का खेळणं, पोरीचं वाटोळं केलंस, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वयनी, जरा दम घ्या. माझा काटा एक किलो कमीच दाखवतो. गोणी सोडून लावलेला हाय. गोणीचं वजन कुणाच्या माथी मारायला नको म्हणून माझ्या बापानं तसा लावलेला. जलमभर भात भरडून नेताय तुम्ही, तुम्हाला ठावं नाय?"

ठावं होतं की! सगळ्या पाचाडाला ठावं हाय. तेवढ्यासाठीच तर लोकं खालच्या गिरण्या सोडून चांगूकडे येतात. पण भाताच्या काट्यावर माणूस उभा केला की त्याला गोणी नसते, हे आमच्यातल्या एकाच्याबी डोक्यात आलं नाय. शहाणी माणसं आम्ही!

आत आले तर भावोजी साक्षीला स्वेटरवर स्वेटर चढवत होते. "गांधारी नदीच्या पुलापर्यंत पळवून आणतो. पाणी पियाचं नाय. थुंकत राहा, साक्षी. घाम निघाला की झालं." पोरीचे ओठ सुकून पापुद्रे आलेले. डोळे आत. ती मुकाट्यानं हात वर करून दुसरा स्वेटर घालून घेत होती. मी तिला धरलं आणि ओढत नळापाशी नेलं.

"चांगूचा काटा खोटा हाय," मी म्हटलं. "एक किलोचा फरक."

तिनं नजर नळाकडे वळवली.

"साक्षे. तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासनं," ती म्हणाली. "बाबा सुट्टीला आले की त्यांच्याबरोबर गोण्या घेऊन मीच जाते ना."

"मंग बोलली का नायस?"

"बोलले असते तर काका त्या एक किलोचंबी खाणं बंद करणार होता." तिचा आवाज चिरका झाला. "मला वाटलं, शेवटच्या दिवसात उतरेल तो किलो. नाय उतरला. आये, मला नाय पळायचं गो. मी पुलावर पडेन."

मला काय झालं कुणास ठाऊक. तिच्या अंगातला स्वेटर मी डोक्यावरून उपसून काढला आणि तसाच हातात घेऊन भावोजींपुढं गेले.

"नाव एकावन्नमध्ये घाला."

"वयनी, वेड लागलंय काय? एकावन्नमध्ये पोलादपूरची मानसी हाय. बघितलेत काय तिचे दंड? मी गेममध्ये किती वेळा लढवून बघितलंय. दर वेळी पडते साक्षी. दर वेळी!"

"तुमची ती साक्षी जेवते काय?"

"काय?"

"जेवते काय ती? तिला गरगरतं काय? ती पीठ मळता मळता भिंतीला टेकते काय?" माझा आवाज चढला होता. आजूबाजूच्या पोरींचे आईबाप बघायला लागले, बघेनात का. "माझी टेकते. माझ्या लेकीला तुम्ही त्या डबीतल्या पोरीसारखी केलीत आणि मी करू दिली. आता पुरे झालं."

मी थेट मॅडमकडे गेले आणि म्हटलं, एकावन्न लिहा. त्यांनी लिहिलं. मग पिशवीतनं केळी काढली, गूळ घातलेली नाचणीची भाकरी काढली, पोरीला पायरीवर बसवली आणि पाणी दिलं. थोडं थोडं खा म्हटलं, तर ती दोन्ही हातांनी खायला लागली. मला तिच्याकडे बघवेना.

पण खरं सांगते, धाडसानं बोलले तेवढंच. मानसी रिंगणात आली आणि माझं सगळं अवसान गळालं. काय ती पोर! खांदे माझ्या परातीएवढे. मनात म्हटलं, रेश्मे, लेकीला तूच ढकललीस हिच्यापुढं. घंटा झाली. भावोजी दोरीपाशी ओरडत होते, "लांब! साक्षी, लांब राहा!" साक्षी लांब राहिली आणि दोन ठोसे खाल्ले. तिचं डोकं मागं गेलं. मी पदर तोंडात धरला. पहिली फेरी तशीच गेली. दुसरीत अजून एक बसला, गुडघा वाकला, आणि मला तो चुलीपाशी बघितलेला मोबाइल जसाच्या तसा दिसायला लागला. आता पडते. आता आडवी होते.

पडली नाय. खाली वाकली आणि आत घुसली. मानसीच्या छातीला डोकं लावून पोटात हाणायला लागली, डावा, उजवा, डावा, उजवा. भावोजींचं ओरडणं थांबलं. तिसऱ्या फेरीत तर ती हटेच ना, मानसी मागं मागं जात दोरीला टेकली. मी कधी उठून उभी राहिले आणि कुणाच्या खांद्याला धरून ओरडत होते, मला कळलं नाय. मागनं कळलं की तो खांदा मानसीच्या आईचा.

पंचांनी साक्षीचा हात वर केला. अगदी थोडक्यात, पण केला. एकावन्नमध्ये त्या दोघीच होत्या, त्यामुळं जिल्ह्याच्या संघात तिचं नाव लागलं. भावोजी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. मग म्हणाले, "रस आणतो, बर्फ घालायचा नाय ना?" आणि उत्तर न ऐकताच गेले.

मानसीची आई मोठ्या मनाची बाई. तिनं साक्षीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "केवढीशी हाय हो ही, पण दम काय! काय घालता खायला?"

मी कशाला मागं राहते? छाती फुगवून म्हटलं, "खानावळच हाय आमची. नाचणी, वरी, घरचं ताक. कमी काय हाय?"

ती हसून गेली. साक्षी बाकावर बसून हातावरच्या पट्ट्या सोडत होती. मी शेजारी बसले, तिच्या सुजलेल्या डोळ्याला ओला रुमाल लावला आणि म्हटलं, "खरंच गो, तो एक किलो टिकवायला खायचीस कुठं तू? दुरडी तर मी फळीवर ठेवायची. शेजारी येसूबाईकडे जायचीस काय?"

"नाय," ती पट्टी गुंडाळत म्हणाली. "ताटं मीच उचलायचे ना, आये. गडावरची माणसं किती टाकतात माहिती हाय? मोरीकडे नेता नेता खायचे."

माझा रुमाल तिथंच राहिला. साक्षीनं वर बघितलं आणि घाबरलीच. पट्ट्या टाकून तिनं माझे दोन्ही हात धरले.

"अगो, रडतेस काय? मी सगळं नाय खायचे," ती मला समजवायला लागली. "ज्याला कुणी हात लावलेला नसायचा, तेवढंच खायचे."